आधी गेज लावा, मग डबे काढा

आमच्या बारकीच्या नाकात पावटा गेला तेव्हा ती २२ महिन्यांची होती, आणि तो पावटा मीच तिच्या पुढ्यात ठेवला होता. मोबाईलवर एका व्हिडिओत बघितलं होतं: परातीत कडधान्यं पसरायची, वाट्या-चमचे टाकायचे, मूल तासभर रमतं. रमली की! चौथ्या मिनिटाला मी चहाचा कप ठेवायला आत गेलो आणि पाचव्या मिनिटाला बाहेर आलो तर ही नाक धरून माझ्याकडं बघतेय. मी शहाण्यानं चिमटा आणला. पावटा आणखी आत सरकला. आईनं माझा हात धरला म्हणून बरं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत काढून हातावर ठेवला. ओलाव्यानं फुगून टम्म झालेला. कडधान्य नाकात गेलं की फुगतं, म्हणून वेळ घालवायचा नाही आणि घरी काडी-चिमटा अजिबात घालायचा नाही, एवढंच ते बोलले.

संध्याकाळी बायको पतसंस्थेतून आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कंपनीत पीस न तपासता पुढं सोडता का?"

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत क्वालिटीला आहे. कास्टिंग, म्हणजे धातूचा ओतीव भाग, मशीनिंग होऊन आलं की मापं घ्यायची, बरोबर असेल ते पुढं, नसेल ते लाल क्रेटमध्ये. कायम दुसरी पाळी, दुपारी ३ ते रात्री ११. म्हणजे सकाळी १० ला बायको बाहेर पडल्यापासून मी २.१५ ची बस पकडेपर्यंत बारकी माझ्या ताब्यात. आई घरात असते, पण तिचे गुडघे गेलेत. ती सोप्यात खुर्चीवर बसून फक्त हुकूम सोडते. या सव्वाचार तासांत काय करायचं, ते गेलं वर्षभर शिकतोय. मोबाईल दिला तर चार तास शांत जातात आणि रात्री बायकोसमोर माझी शांतता जाते.

तर पहिलं काम, गेज, म्हणजे माप तपासायचं साधन.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक ठरलेलं नळकांडं असतं. आपल्याकडं खेळण्यांचं आयएस ९८७३ म्हणून जे मानक आहे, त्यातही ते आहे. आतला व्यास ३१.७ मिमी, तळ तिरका, त्यामुळं खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिमी. वस्तू न दाबता त्यात पूर्ण मावली की ती घशात अडकू शकते, रिजेक्ट. घरी एवढं तंतोतंत लागत नाही. प्लंबरकडून ४० एमएमच्या पीव्हीसी पाईपचा तुकडा मागून घ्या, ६ सेंटीमीटर लांब कापा, कडा पॉलिश पेपरनं घासा. ४० हे बाहेरचं माप. आतून तो ३२ पेक्षा मोठाच भरतो, म्हणजे आपली तपासणी मानकापेक्षा कडक झाली. होऊ दे. वापरायचा असा: पाईप तळहातावर उभा धरायचा, वस्तू आत सोडायची. पूर्ण आत गेली, वर काहीच राहिलं नाही, तर ती बारकीच्या हातात द्यायची नाही. पळी आत शिरते पण दांडा वर राहतो, म्हणून पळी चालते.

चेंडूसारख्या गोल गुळगुळीत वस्तूला हे गेज पुरत नाही. गोल वस्तू घशात बुचासारखी बसते. तिथं माप ४४.४ मिमीच्या वर पाहिजे. गोट्या, मोठे मणी, बाटल्यांची गोल बुचं, सगळं बाद.

पहिल्या दिवशी मी गेज घेऊन घरभर फिरलो. चिंचोके, सागरगोटे, कवड्या, शर्टाची बटणं, खडूचे तुकडे, पेनाची टोपणं, देवघरातल्या सुपाऱ्या. आमची पेठेतली जुनी घरं म्हणजे बारक्या वस्तूंचं गोदामच. आईचे सागरगोटे बाद केले तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही.

काही गोष्टींना गेज लावायचीही गरज नाही, त्या सरळ वरच्या फळीवर. रिमोटमधली किंवा गाण्याच्या खेळण्यातली चपटी गोल बटण-बॅटरी ही सगळ्यांत वाईट: गिळली तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते, तेव्हा नुसती शंका आली तरी १०८ ला फोन करून थेट दवाखाना. लोहचुंबकाचे तुकडे, फुगे आणि फुटलेल्या फुग्यांच्या चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या, वीतभरापेक्षा लांब दोरी. आणि पाणी. आमच्याकडं नळाला वेळेवरच पाणी येतं, त्यामुळं मोरीत पिंप भरलेलं असतं. त्याला मी झाकण आणि वर पट्टी केली, अर्धी भरलेली बादलीसुद्धा ठेवत नाही. डोक्यानं जड असलेलं मूल बादलीत वाकलं की त्याला परत वर येता येत नाही.

धातूच्या भांड्यांसाठी आणखी एक तपासणी, ही कंपनीतली. कडेवरून कापूस फिरवा. धागा कुठं अडकला तर तिथं धार आहे. पॉलिश पेपर मारा, नाहीतर ते भांडं बाजूला ठेवा. कापलेला पत्र्याचा डबा तर घेऊच नका.

एवढं झालं की घर खुलं. मग मात्र मागं बघायचं नाही.

मी सुरुवात केली डब्यांपासून, आणि अजूनही कुणी विचारलं तर हेच सांगतो. आमच्या लग्नात रुखवतात सात स्टीलच्या डब्यांचा सेट आला होता, एकात एक बसणारा. सगळ्यांत लहानाचा व्यास ७ सेंटीमीटर, म्हणजे गेजला पास. प्रत्येक घरात असा एक सेट असतो आणि त्यात कधीच काही भरलेलं नसतं.

एकदम सात डबे मांडू नका. मी मांडले होते. तिनं सगळे वाजवले आणि निघून गेली. वाजवणं वाईट नाही, पण ते झाल्यावर पुढं काही होत नव्हतं. आई खुर्चीवरनं म्हणाली, "अरे, दोनच दे. एक लई मोठा, एक लई बारका." ती २६ वर्षं अंगणवाडीत मदतनीस होती, तिला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं हे मान्य करायला मला सहा महिने लागले. तर दोन डबे, दोन झाकणं, सतरंजी घालून त्यावर. झाकणं काढून बाजूला ठेवायची, एक झाकण हळू लावून दाखवायचं, परत काढायचं, आणि आपले हात मांडीखाली.

हात मांडीखाली हे मी गमतीनं म्हणत नाही. मी खरंच मांडीखाली घालून बसतो.

एक दिवस तिसरा आणि चौथा डबा दिलेला. तेव्हा ती सव्वादोन वर्षांची. तिनं लहान झाकण मोठ्या डब्यावर ठेवलं. ते आत पडलं, तिरकं होऊन अडकलं. तिनं आत डोकावून बघितलं. हात घातला, बोटं झाकणाला लागतायत पण झाकण उचलत नाही. डबा हलवला, खडखड. मग ती माझ्याकडं बघायला लागली. माझी पूर्ण बावीस वर्षांची नोकरी चुकीचा पीस दिसला की हात पुढं करण्यात गेलेली. मी पुढं वाकलो तशी आई ओरडली, "गप बस की! तू काय तिच्या जन्माला पुरणार हायस?" मी मागं झालो. बारकीनं डबा उचलला, उलटा केला, ठण्णकन झाकण फरशीवर. ती दचकली, हसली, आणि तेच झाकण परत त्याच डब्यात टाकलं. पुन्हा उलटा. अकरा वेळा, मी मोजलं. बाराव्या वेळी तिनं ते झाकण शेजारच्या डब्यावर ठेवलं आणि वरनं दोन्ही हातांनी दाबलं. टप्.

तो "टप्" म्हणजे सगळं आहे. मोठं झाकण लहान डब्यावर सैल फिरतं, लहान झाकण मोठ्यात पडतं, बरोबर असलं तरच टप् होतं. चूक कुणी सांगावी लागत नाही, डबाच सांगतो. आई म्हणाली की त्यांना ट्रेनिंगला हेच शिकवलेलं: ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ ला बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ माँटेसरीबाईंची महागडी साधनं गावाला परवडणारी नव्हती, म्हणून आजूबाजूला मिळेल त्या वस्तूंतूनच साधनं केली. तत्त्व तेच ठेवलं, वस्तू आपल्या. मी तिला म्हटलं, मग मी गेल्या दिवाळीला बाराशेची लाकडी खेळणी आणली तेव्हा बोलली का नाहीस? म्हणे, "तू विचारलंस कुठं?"

क्रम असा ठेवा. दीड वर्षाच्या आसपास दोन डबे, आकारात भरपूर फरक. जमलं की तिसरा, मधला. शेवटी शेजारशेजारचे आकार, त्यात फरक डोळ्यांना जेमतेम दिसतो. सगळे डबे उतरत्या क्रमानं एकात एक घालणं आमच्याकडं अडीच वर्षांना जमलं. तुमच्याकडं आधी जमेल किंवा नंतर, त्यावरनं शेजारणीशी तुलना करू नका. चेपलेला डबा सेटमधून काढा, तो बरोबर झाकणालाही अडतो आणि पोराला वाटतं आपलंच चुकलं.

आता पाणी. पाण्याला पोरं कधी कंटाळत नाहीत, फक्त तुम्ही उठून जायचं नाही. दाराची बेल वाजली तर पोराला उचलून घेऊन दारात जा.

मोरीत किंवा परड्यात परात ठेवा. परातीत एक लहान तांब्या, दोन फुलपात्री. तांब्यात पाणी अर्ध्याच्याही खाली. बीटची एक चकती पाण्यात टाकून ठेवली की पाणी गुलाबी होतं आणि ते कुठं चाललंय हे मुलाला दिसतं. फुलपात्राच्या आतल्या बाजूला, दोन बोटं खाली, रंगीत रबर बँडची खूण करावी असं माझ्या डोक्यात होतं. गेज लावलं, रबर बँड बाद. मग ऑइल पेंटची रेघ बाहेरनं मारली. स्टीलच्या भांड्यात बाहेरची रेघ आतनं दिसत नाही, हे रेघ मारल्यावर कळलं. शेवटी काचेसारखी दिसणारी जाड प्लास्टिकची बरणी घेतली. "रेघेपर्यंत ओत" हे दोन वर्षांच्या पोराला ताबडतोब कळतं, थांबणं मात्र जमायला आठवडे जातात. सुरुवातीला तांब्या दोन्ही हातांनी धरतात आणि एकदम उलटा करतात. मग एक दिवस मनगट हळू वळतं, धार बारीक होते. ते मनगट बघायचं.

शेवटी फडकं. सांडलेलं पाणी फडक्यानं टिपायचं, फडकं परातीत पिळायचं. मला आधी वाटायचं हे आवरण्याचं काम, खेळ संपल्यावरचं. पण बारकीला ओतण्यापेक्षा पिळणंच आवडतं. पिळताना दोन्ही हात उलट दिशांना वळतात, बोटांत ताकद येते, पुढं हीच बोटं पेन्सिल धरणार. त्यामुळं आता मी मुद्दाम थोडं सांडतो. परातीतलं पाणी लगेच कुंडीत ओता, तसंच ठेवू नका.

पीठ. बायको सकाळी पोळ्या-भाकरी करून जाते, तेव्हा एक कणकेचा गोळा आणि एक ज्वारीच्या पिठाचा गोळा झाकून ठेवते. मीठ घालून टिकाऊ गोळा करायची पद्धत आहे, ती करू नका. बारकं पोर तो गोळा खाणारच आणि एवढं मीठ त्याच्या पोटात जाणं चांगलं नाही. रोजचा ताजा, बिनमिठाचा गोळा, संपला की गाईला.

दोन्ही गोळे एकदम देण्यात मजा आहे. कणीक ओढली की ताणते, लांब होते. ज्वारीचा गोळा ओढला की तुटतो, कारण ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं. म्हणूनच भाकरीचं पीठ आधणाच्या पाण्यानं मळतात आणि थापतात, लाटत नाहीत. हे तिला सांगायचं नाही. तिला फक्त ओढू द्यायचं. ती एकदा कणीक ओढते, एकदा ज्वारी, आणि ज्वारी तुटली की "तुटी" म्हणते. आठवड्यानं तिनं ओढायच्या आधीच ज्वारीच्या गोळ्याकडं बोट करून "तुटी" म्हटलं. मी बायकोला पतसंस्थेत फोन केला. ती म्हणाली, कॅश मोजतेय, नंतर बोलते.

पिठात दाबायला काय द्यायचं: पळीची मागची बाजू, चाळणीचा तळ, शेवेच्या सोऱ्याच्या जाड चकत्या, कंगवा, चपलेचा तळ नको. आषाढात बेंदूर येतो तेव्हा पापाच्या तिकटीकडं कुंभार गल्लीत मातीचे बैल मिळतात. एक जोडी आणली की त्यांची शिंगं बघत बघत पिठाचा बैल करायचा. बैल होत नाही. मी केला तो आई म्हणाली उंदीर आहे. पण "शिंग", "शेपूट", "चार पाय", "खांद" असे शब्द हातानं करता करता तोंडात बसतात. चित्रातला बैल दाखवून बसत नाहीत.

मोकळी माती द्यायची असेल तर कुंडीतली, खडे निवडून. एका मित्रानं सुचवलं की फौंड्रीतली काळी वाळू आण, मऊसूत असते, साचा झक्क उठतो. उठतो, खरं आहे. पण त्या वाळूत सिलिकाची बारीक धूळ असते, आम्ही मोठी माणसं तिच्यापासून बचावाला मास्क लावतो. कंपनीतलं काही घरी आणू नका. मी एक अपवाद केला, तो शेवटी सांगतो.

बाजाराची पिशवी ही फुकटची शाळा. रविवारी लक्ष्मीपुरीतनं भाजी आली की पिशवी सतरंजीवर उलटी करायची, दोन बुट्ट्या ठेवायच्या. कांदे एका बुट्टीत, बटाटे दुसऱ्या. बस्स. नंतर त्यात वांगी आली की ती विचारात पडते, तिसरी बुट्टी मागते का बघा. बारकी मागत नव्हती. ती वांगी कांद्यात टाकायची, मला वाटलं चुकतंय. मग लक्षात आलं की ती देठ असलेलं एकीकडं आणि बिनदेठाचं एकीकडं करतेय, कांद्यांना पात होती. तपासनीस मी, वर्गवारी तिची बरोबर. लसणाच्या पाकळ्या, मिरच्या आधीच काढून ठेवा. मिरचीचं कोल्हापुरात वेगळं सांगायला नको.

रंगासाठी दुकानात जायची गरज पडली नाही. अर्ध्या वाटी पाण्यात चमचाभर हळद कालवा. जुन्या लग्नपत्रिका असतात ना, त्यातल्या गुळगुळीत नसलेल्या बघा, मागची कोरी बाजू घ्या. मुलानं हातानं सगळा कागद हळदीनं माखायचा. वाळू द्या. आता दुसऱ्या वाटीत पाणी आणि चमचाभर खायचा सोडा. हे पाणी बिनरंगाचं दिसतं. त्यात बोट बुडवून पिवळ्या कागदावर रेघ ओढली की रेघ लालसर उमटते. हळदीच्या कपड्याला साबण लागला की लाल होतं, तेच हे. वरनं लिंबू पिळलं की परत पिवळं. दोन वर्षांच्या पोराला यातलं कारण कळत नाही, पण साध्या पाण्यातनं लाल निघतंय हे बघून त्याचा जो चेहरा होतो! सोड्याची वाटी तुमच्या हातात ठेवा, बोट डोळ्यात जाऊ देऊ नका, झाल्यावर हात धुवा. अंगावर जुना बनियन घाला. बनियनवरचा हळदीचा डाग धुऊन जात नाही, पण धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाकला की फिका पडत पडत उडतो. फरशीवरचा मात्र आमच्या सोप्यात अजून आहे.

बाकीचे झटपट सांगतो. लाटणं कणकेच्या मोठ्या गोळ्यात उभं रोवून त्यावर प्लास्टिकच्या किंवा धातूच्या बांगड्या घालायच्या, काचेच्या नाहीत. दीड वर्षापासून जमतं. कपड्याचे चिमटे डब्याच्या कडेला लावणं अडीचच्या पुढं, त्याआधी स्प्रिंग दाबत नाही आणि पोर चिडतं. स्प्रिंग सुटलेला चिमटा गेजमधून जातो, तो टाकून द्या. इडलीपात्राच्या प्रत्येक खळग्यात एकेक बटाटा, खळगे संपले की बटाटे संपले पाहिजेत. मोजणं शिकवायच्या आधी हे. कापडी पिशवीत पळी, गाळणी, वाटी घालून न बघता हातानं ओळखणं. मोठ्या पातेल्याखाली एक वाटी लपवून "कुठं गेली?" हे वर्षाच्या आतल्यांनाही. आवाजाच्या डब्या करतात, एकीत तांदूळ, एकीत रवा. मी केल्या, झाकणाला टेप गुंडाळली, पावट्याची आठवण आली आणि दुसऱ्या दिवशी काढून टाकल्या. तुम्ही केल्यात तर टेपवर विसंबू नका.

अक्षरांची कार्डं आम्ही आणली होती. शेजारच्या दोन वर्षांच्या पोराला सव्वीस इंग्रजी अक्षरं येतात म्हणून. बारकीनं सगळी कार्डं सर्वांत मोठ्या डब्यात टाकली, झाकण लावलं, टप्. तेव्हापासून ती तिथंच आहेत.

किती वेळ, हा प्रश्न सगळे विचारतात. एक खेळ दहा मिनिटं चालला तरी भरपूर. ती उठून गेली की मी बोलावत नाही. एका सकाळी दोनच गोष्टी काढतो, बाकीच्या झाकून. मधल्या वेळात ती माझ्याबरोबर लसूण सोललेल्याचं टरफल गोळा करते, कपडे वाळत घालताना चिमटे देते, खरं तर तेही सगळं यातच येतं. आणि बोलत राहायचं, पण शिकवल्यासारखं नाही. "तांब्या ओला झाला." "झाकण अडलं का?" एवढंच. सारखं "शाब्बास, शाब्बास" केलं की ती खेळ सोडून माझं तोंड बघायला लागते, हे मी करून बघितलंय.

आता तो अपवाद. तिला अडीच वर्षं झाली, बरण्यांची झाकणं मनगट फिरवून उघडायला लागली, तेव्हा मी एक एम २४ चा बोल्ट आणि नट आणला. नटाचं माप पान्याच्या जागी ३६ मिमी, गेजमध्ये आडवा-उभा कसाही घातला तरी मावत नाही. डिझेलनं धुतला, मग साबणाच्या गरम पाण्यानं दोनदा, कापूस फिरवला, मग दिला. जड आहे, म्हणून फक्त सतरंजीवर बसून, पाय आखडून. पहिल्या दिवशी तिनं नट बोल्टावर नुसता ठेवला आणि तो पडला. तिसऱ्या दिवशी आटा कुठं धरतो ते सापडलं. एक फेरा फिरवला की नट ३ मिमी पुढं जातो, हे मला माहीत, तिला नाही. ती फिरवते, थांबते, बाजूनं वाकून बघते, परत फिरवते. त्या वेळात मी डबा भरून घेतो.

परवा २ वाजता मी निघायच्या तयारीत होतो. गेज नेहमीच्या खिळ्यावर नव्हतं. बारकी माझा जेवणाचा डबा उघडून बसलेली, हातात पाईप. भाकरी घालून बघितली, वर राहिली. कांदा घालून बघितला, तोही अडला. मग कडेची हिरवी मिरची घातली, ती सळकन आत गेली. तिनं मान हलवली, मिरची काढून सतरंजीच्या बाहेर ठेवली आणि डब्याचं झाकण लावून दाबलं. मी त्या दिवशी मिरचीशिवाय जेवलो.